काळजी कुठली आणि पहारा कुठला

“मॅडम, आमच्या शाळेत तसलं काही नाही.”

नोकरीत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं, असं मला कुणी विचारलं तर हेच सांगेन. मी सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलामुलींची समुपदेशक होते. निम्मा आठवडा दवाखान्यात बसायचं आणि उरलेला निम्मा एसटीनं गावोगावच्या शाळांमध्ये जायचं, असं कामाचं स्वरूप होतं. नववी ते बारावीच्या वर्गांपुढं उभं राहून मी जे बोलायचे ते थोडक्यात असं: जो तुझ्यावर प्रेम करतो असं म्हणतो, त्याला तुला मारायचा, धमकवायचा, कोंडायचा हक्क नाही. सांगायला एवढंच. पण हे एवढं सांगण्यासाठी वर्गाच्या दारातून आत जायला मिळणं, हीच अर्धी नोकरी होती.

कारण ‘प्रेम’ हा शब्द पत्रात लिहिला की परवानगी मिळायची नाही. मी विषय लिहायचे ‘किशोरवयीन आरोग्य व सुरक्षितता’. मुख्याध्यापकांना वाटायचं, बाई हिमोग्लोबिनवर बोलणार, लोहाच्या गोळ्या वाटणार. ते मी करायचेच. गोळ्या वाटून झाल्यावर हळूच म्हणायचे, “सर, आता अर्धा तास मैत्रीवर बोलते.”

बेंबळीकडच्या एका शाळेतले मुख्याध्यापक मात्र हुशार होते. चष्मा कपाळावर सारत म्हणाले, “मैत्री म्हणजे कुठली मैत्री, मॅडम?”

“सर, चांगली आणि वाईट, दोन्ही.”

“आमच्याकडं तसलं काही नाही. आमची लेकरं साधी आहेत.”

त्याच वेळी खिडकीतून दिसत होतं की मैदानाच्या कडेला एक मोटारसायकल घरघरत उभी आहे, आणि पाण्याच्या टाकीकडं जाणाऱ्या मुली तिला वळसा घालून जातायत. मी खिडकीकडं बघत राहिले. सरांनीही बघितलं. मग घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि म्हणाले, “नववी-दहावी हॉलमध्ये बसवा.” चांगले गृहस्थ होते. पुढं दर वर्षी त्यांनी स्वतःच मला बोलावलं.

मी भाषण द्यायचे नाही. भाषणाला मुलं कंटाळतात आणि कंटाळलेली मुलं फार शिस्तीत बसतात, त्यामुळं शिक्षकांना वाटतं कार्यक्रम छान झाला. माझी पद्धत वेगळी होती. वर्गाच्या एका भिंतीला नाव द्यायचं ‘काळजी’ आणि समोरच्या भिंतीला ‘पहारा’. मग मी एकेक वाक्य म्हणायचे. ज्याला ते काळजीचं वाटेल त्यानं या भिंतीला जाऊन उभं राहायचं, पहाऱ्याचं वाटेल त्यानं त्या भिंतीला. ‘घरी पोचलीस की मेसेज कर.’ सगळी मुलं हसत काळजीकडं. ‘रात्री ऑनलाइन दिसत होतीस, कुणाशी बोलत होतीस?’ इथं गोंधळ व्हायचा. निम्मी इकडं, निम्मी तिकडं, आणि भांडणं सुरू. ‘प्रेम खरं असेल तर पासवर्ड दे.’ भांडणं आणखी वाढायची. मी मध्ये पडायचे नाही. त्यांचं त्यांनाच बोलू द्यायचे.

एकदा एका दहावीतल्या पोरानं वैतागून विचारलं, “मॅडम, मग काळजी असते तरी कशी?”

मी म्हटलं, “समोरच्यानं नको म्हटलं की थांबते ती.”

तो भिंत बदलून पलीकडं गेला.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक वर्गात सुरुवातीलाच सांगायचे. माझ्याकडं येऊन जे बोलाल ते माझ्यापाशी राहील. फक्त जिवाला धोका असेल किंवा कायद्यानं मला कळवणं भागच असेल, तर मी गप्प बसणार नाही. पण कुणाला काय सांगणार ते आधी तुम्हाला सांगेन. असं सांगितल्यामुळं काही मुली आल्याच नसतील. तरीही सांगणं भाग होतं. फसवून काढून घेतलेल्या गोष्टीवर पुढं काहीच उभं राहत नाही.

एक पोरगी मला अजून आठवते. आमच्याकडच्या वाशी तालुक्यातली. दोनदा बोलली, तिसऱ्यांदा मी शाळेत गेले तर तिचा बाक रिकामा. मैत्रिणी म्हणाल्या, घरी कळलं, मामाच्या गावाला पाठवून दिलं, शाळा बंद. तिला त्रास देणाऱ्या पोराची शाळा मात्र चालूच होती. मी मामाच्या गावापर्यंत गेले, पण भेट झाली नाही. घरातल्यांनी दारातूनच ‘ती आता इथं नाही’ म्हणून सांगितलं. आमच्या भागातली खरी अडचण हीच आहे. पोरगी मार खाते, धमक्या ऐकते आणि गप्प राहते, कारण घरी कळलं तर शिक्षा तिलाच होणार हे तिला ठाऊक असतं. त्या पोरालाही ते ठाऊक असतं. त्याचा सगळा जोर त्यातच असतो.

म्हणून कळंबची गोष्ट सांगते. नावं बदलली आहेत.

कळंबच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावीच्या वर्गावर मी भिंतींचा खेळ घेत होते. वाक्य होतं: ‘तू मला सोडून गेलीस तर मी औषध पितो.’ आपल्याकडं औषध म्हणजे फवारणीचं औषध, हे सांगायला नको. सगळी पोरं धावत काळजीकडं. बहुतेक मुलीही काळजीकडं. “मॅडम, एवढं प्रेम कोण करतं आजकाल!” एक म्हणाली. एकच पोरगी मधोमध उभी होती. इकडंही नाही, तिकडंही नाही. मैत्रिणीनं तिचा हात ओढला तरी हलली नाही. मी तिच्याकडं मुद्दाम पाहिलं नाही आणि पुढचं वाक्य घेतलं.

पुढच्या आठवड्यात ती कळंबच्या आमच्या दवाखान्यात आली, डोकं दुखतं म्हणून. आमच्याकडं मुली डोकं नाहीतर पोट घेऊनच येत. डॉक्टर समंजस होते, तपासून माझ्या खोलीत पाठवायचे. हिचं नाव रेश्मा. धनगराची पोर, जवळच्या एका वस्तीवरून रोज एसटीनं यायची.

“कधीपासून दुखतंय डोकं?”

“नवरात्रापासून.”

नवरात्रात कॉलेजची पोरंपोरी तुळजापूरला चालत गेली होती. बारावीतला अभि तिच्याशी आधीपासून बोलायचा. घाटात दोघांनी एक सेल्फी काढला, त्याचा हात तिच्या खांद्यावर. एवढाच फोटो. तिलाही तेव्हा तो आवडला होता, हे तिनं खाली बघत पण खरं सांगितलं. पुढं अभिनं तिचा पासवर्ड घेतला. मग वर्गातल्या मुलांशी बोलायचं बंद, मग मैत्रिणींशीही. एसटी स्टँडवर थांबली की व्हिडिओ कॉल करून आजूबाजूला कोण आहे ते दाखवायचं. एका मुलानं तिची फिजिक्सची वही मागितली आणि तिनं दिली, म्हणून सायकल स्टँडमागं नेऊन कानाखाली मारली.

“आणि मग रडला, मॅडम. पाया पडला. तो रडायला लागला की मला वाटायचं माझंच चुकलं.”

“सोडावंसं वाटलं नाही?”

“म्हटलं की तसं. तर म्हणला, औषध पितो. न्हायतर फोटो दादाला पाठवतो.”

दादा पुण्याकडं कंपनीत होता. दादाला कळलं की कॉलेज बंद आणि उन्हाळ्यात लग्न, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

मी तिला पोलिसांचं सांगितलं, कॉलेजच्या तक्रार समितीचं सांगितलं. तिनं दोन्हीला नकारार्थी मान हलवली. आधीच सांगितल्याप्रमाणं मी तिला म्हटलं, त्यानं परत हात उचलला किंवा तुझ्या जिवाला धोका दिसला तर मी थांबणार नाही. ती “व्हय” म्हणाली. मग मी विचारलं, “रेश्मा, त्याच्याकडं नक्की काय आहे?”

“फोटो.”

“फोटोत काय आहे?”

“काहीच न्हाय.”

“मग तू कशाला भितेस?”

“घरी कळंल म्हणून.”

“आणि घरी तूच आधी सांगितलंस तर?”

ती माझ्याकडं बघत राहिली, मी तिला विहिरीत उडी मारायला सांगतेय अशा नजरेनं. मग म्हणाली, “आईला सांगता येईल. पण आई आबांना सांगणार.”

“आबा कसे आहेत?”

“काय सांगता येत न्हाय, मॅडम. आबा मेंढरांमागं असतात. आमचं बोलणंच लई कमी.”

मला भीती वाटत नव्हती असं नाही. तो रिकामा बाक माझ्या डोळ्यांपुढं होता. पण पोरगी तीन-चार भेटींनंतर स्वतःच म्हणाली, “तुमी संगं या. मी सांगते.” मी गेले.

वस्तीवरचं घर पत्र्याचं, अंगण सारवलेलं. आई ज्वारी निवडत बसलेली. रेश्मानं सगळं एका दमात सांगून टाकलं, जणू मध्ये थांबली तर उरलेलं तोंडातून निघणार नाही. मी मनात तयारी करून ठेवली होती. पोरगा कोण, कुणाचा, कुठल्या जातीचा, लोक काय म्हणतील, या सगळ्या प्रश्नांची माझ्याकडं उत्तरं होती. आईनं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, “मारलं व्हय त्यानं तुला?”

रेश्मानं मान डोलावली.

“कुठं?”

तिनं गालाला हात लावला. आईनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. मारून किती दिवस झालेले, खूण कुठली असणार. तरी आई बघत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “मॅडम, आमी तिला म्हशीमागून फिरू देत न्हाय, लाथ मारंल म्हणून. अन् ह्यो कोण मारणारा?”

मी जरा निःश्वास टाकला. तेवढ्यात ती म्हणाली, “यांस्नी फोन लावते,” आणि माझा निःश्वास परत आत गेला.

आबा मेंढरं घेऊन डोंगराच्या बाजूला होते. मेंढरं भावाकडं सोपवून ते दुसऱ्या दिवशी घरी आले, हे मला नंतर कळलं. मला पहिली बातमी मिळाली ती थेट कॉलेजातल्या एका बाईंच्या फोनवरून. “मॅडम, त्या रेश्माचे वडील गेटवर उभे आहेत. काठी आहे हातात. प्राचार्य घाबरलेत. तुम्ही या लवकर.”

रिक्षानं पोचेपर्यंत मी मनात काय काय बघितलं ते लिहीत नाही. आबा गेटजवळ लिंबाखाली उभे होते. उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल पटका. शेजारी रेश्मा. आजूबाजूला पोरांचा घोळका, पण लांबूनच.

मी जवळ जाऊन म्हटलं, “आबा, मी दवाखान्यातली. मारामारी झाली तर नाव पोरीचंच खराब होईल.”

“मारामारी कोण करतंय?”

मी काठीकडं पाहिलं.

“ही मेंढरांची हाय, मॅडम. मी जातो तिथं ही येती. आता कालेजात यायचं म्हणून हिला घरी ठेवू व्हय?”

तेवढ्यात अभि मोटारसायकलवरून आला, मागं एक मित्र. आबांना आणि रेश्माला शेजारी शेजारी बघून त्यानं गाडी वळवायला घेतली.

“ए लेकरा,” आबांनी हाक मारली. ओरडले नाहीत. कळपातल्या चुकार कोकराला बोलवावं तशी हाक. “इकडं ये.”

तो आला. पळाला असता तर सगळ्या कॉलेजसमोर पळाला असता.

“फोटू म्या बघितला,” आबा म्हणाले. “पोरीनंच दाखवला. चांगला आलाय. तिच्या भावाला बी म्या फोन केला, त्याला बी सांगितलं. आता आणिक कुणाला दाखवायचा ऱ्हायलाय?”

अभि मागच्या मित्राकडं बघायला लागला.

“तिच्या तोंडावर हात टाकला तू?”

खाली मान.

“परत टाकू नको. तिच्या मागं येऊ नको. ती शिकाया येती, शिकू दे. एवढंच सांगाया आलतो.”

आणि मग लिंबाच्या बुंध्याशी घोंगडी टाकून ते खाली बसले. रेश्मा वर्गात गेली. प्राचार्यांनी आत खुर्चीवर बसायला बोलावलं तर म्हणाले, “इथं बरं हाय.” कॉलेज सुटेपर्यंत बसून राहिले आणि पोरीला घेऊन एसटीनं गेले.

सगळं इतकं सोपं झालं नाही. दादा पुण्याहून आला, घरात दोन दिवस आरडाओरडा झाला. कॉलेज बंद करा म्हणाला. आबांनी त्याला विचारलं, “मार तिनं खाल्ला, अन् शाळा बी तिचीच बंद? कुठला न्याय ह्यो?” दादा रागावून निघून गेला आणि बरेच महिने बहिणीशी बोलला नाही. मैत्रिणींनी मात्र एक काम चांगलं केलं. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. कॉलेज ते स्टँड रेश्मा एकटी कधी गेली नाही.

अभिच्या आईवडिलांना प्राचार्यांनी बोलावून समज दिली आणि त्याला माझ्याकडं पाठवलं. लोकांना वाटतं मी अशा पोरांना झापत असेन. झापून ऐकणारा असता तर तो माझ्यापर्यंत आलाच नसता. पहिल्या दिवशी तो खुर्चीत बसून पायानं फरशी घासत राहिला.

“मी तिच्यावर जीव टाकत होतो, मॅडम. तिला काही त्रास नव्हता.”

“तू तिला विचारलंस?”

“त्यात काय विचारायचं? आमच्या घरात आई पण वडिलांना विचारल्याशिवाय कुठं जात नाही. तिला काही त्रास वाटत नाही.”

“आईला कधी विचारलंस?”

तो परत फरशी घासायला लागला. पुढच्या भेटीला येणार नाही असं मला वाटलं होतं, पण आला. काही महिने येत राहिला. औषध पिण्याचं बोलणं मी हलक्यात घेतलं नाही, म्हणून त्याची डॉक्टरांशीही भेट घालून दिली. तसा वाईट पोरगा नव्हता. ती सोडून जाईल ही भीती आणि राग यांत फरक असतो हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. शेवटच्या एका भेटीत तो उठता उठता म्हणाला, “मॅडम, मी आईला विचारलं.”

“काय म्हणाल्या?”

“काहीच नाही. भाकरी थापत राहिली.” दारापर्यंत गेला आणि म्हणाला, “आधी कधीच तिच्याकडं एवढं नीट बघितलं नव्हतं.”

पुढं तो कुठं गेला, कसा झाला, मला ठाऊक नाही. बदलला असेल असं म्हणायला मला आवडेल, पण पुरावा नाही. आमच्या धंद्यात बहुतेक गोष्टींचा शेवट कळत नाही. शेतकऱ्याला निदान पीक तरी दिसतं.

रेश्माचं मात्र कळलं. बारावी झाली, लातूरला शिकली, तिथंच एका लॅबमध्ये रक्त तपासते. लग्न ठरल्यावर होणाऱ्या नवऱ्याला घेऊन माझ्याकडं आली. पोरगा बिचारा चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलेला, माझी काहीतरी परीक्षा आहे असं वाटून. परीक्षाच होती. मी त्याला विचारलं, “हिचा फोन वाजला तर तुम्ही काय करता?” तो गोंधळून म्हणाला, “हिला देतो.” रेश्मा मोठ्यानं हसली.

शेवटची काही वर्षं माझी नेमणूक तुळजापूरला होती. त्या काळात अणदूरच्या बाजूच्या एका शाळेत गेले होते. नववीचा वर्ग, भिंतींचा खेळ रंगात आलेला. मागच्या बाकावर वर्गशिक्षिका चाचणीचे पेपर तपासत बसलेल्या. पस्तिशीच्या असतील, नीटनेटकी साडी, केसांत अबोलीचा गजरा. मुलं पांगायच्या बेतात असताना पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं हात वर केला.

“मॅडम, हे मारायचं, धमकवायचं लग्नाआधीच चालत नाही, का लग्नानंतर पण?”

पोरं हसली. पोरी हसल्या नाहीत.

“लग्नानंतर पण चालत नाही,” मी म्हटलं. “कायद्यानं पण नाही आणि असंही नाही.”

“पण सगळीकडं तर चालतंय.”

“चालतंय. म्हणून तर मी तुझ्या वर्गात आलेय.”

मागं पेपर उलटल्याचा आवाज येत होता, तो थांबला होता. मी तिकडं पाहिलं नाही.

शाळा सुटल्यावर बाई मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या. वाटेत इकडचं तिकडचं बोलत होत्या. यंदा सोयाबीन बरं आहे, खंडोबाच्या यात्रेला गर्दी फार होते, नवे मुख्याध्यापक कडक आहेत. मी हो हो करत होते. बस लांबून दिसली तशा त्या बोलायच्या थांबल्या. बस येऊन उभी राहिली, मी एक पाय पायरीवर ठेवला, तेव्हा त्यांनी माझ्या पिशवीचा बंद धरला.

“मॅडम, तुमच्याकडं फक्त मुलीच येतात? का मोठ्या बायका आल्या तर चालतं?”

“चालतं,” मी म्हटलं. “कधीही या.”

त्यांनी बंद सोडला. कंडक्टरनं घंटी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यातल्या माझ्या खोलीचं कुलूप काढायला गेले, तर त्या बाहेरच्या बाकावर आधीच येऊन बसलेल्या होत्या.